नर्सिंगची पहिली पायरी



मी आयटी क्षेत्रातल्या संधींवर बोलावं, अशी आयोजकांची सूचना होती. त्यांची परवानगी घेऊन विषय बदलते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या कितीतरी मुलींना कॉम्प्युटरपेक्षा दवाखान्यातली नोकरी जवळची वाटते. त्या नोकरीच्या पगाराबद्दल आणि बढतीबद्दल आज बोलायचं आहे.

या कामाचं मोल आपल्याच मातीत सिद्ध झालं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. पुढे २०११ पासून हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. त्यात मोबदला ठरला एका बाळामागे २५० रुपये. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन पाहायचं. म्हणजे एका भेटीचे ४२ रुपयेही होत नाहीत. आशाताईला मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला मिळतो, वेतनश्रेणी नाही. त्यामुळे कितीही वर्षं काम केलं तरी बढती नाही.

आता वेतनश्रेणी असलेल्यांचं बघू. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे राज्यात कक्षसेवकाचं मूळ वेतन १५,००० रुपयांपासून सुरू होतं. एएनएम झालेल्या आरोग्य परिचारिकेचं २५,५०० पासून, तर अधिपरिचारिकेचं ३५,४०० पासून. भत्ते वेगळे. वॉर्ड तोच, रात्रपाळी तीच. पण कोणता कोर्स केला आणि नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे का, यावर एवढा फरक पडतो.

पुण्यात सासूबाईंच्या आजारपणात आम्ही एका ब्युरोतून मुलगी ठेवली होती. धानोऱ्याकडची, कामाला अतिशय चोख. सासूबाईंना कुशीवर वळवणं, लघवीची पिशवी बदलणं, औषधांच्या वेळा, सगळं न सांगता करायची. तिने एका खाजगी संस्थेत एक वर्षाचा ‘नर्सिंग’ कोर्स केला होता. फी वडिलांनी धान विकून भरलेली. त्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही, हे तिला जिल्हा परिषदेचा फॉर्म भरताना कळलं. आम्ही देत असलेल्या पैशातला मोठा वाटा ब्युरोच ठेवून घेई. ती हुशार होती, कष्टाळू होती, पण तिच्या पायरीच्या वर दुसरी पायरीच नव्हती.

सहायकाचा छोटा कोर्स वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. घरी लगेच पैसा हवा असेल तर तो जरूर करावा, पण पुढे काय मिळणार हे माहीत असू द्यावं. वर चढायची वाट अशी आहे: बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम. त्याला कला शाखेची मुलगीही चालते. एएनएमची नोंदणी झाली की तीन वर्षांचा जीएनएम करता येतो आणि त्यानंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. वेळ लागतो, पण प्रत्येक टप्प्यावर नोकरी करता येते आणि पुढचं दार उघडं राहतं.

म्हणून फी भरण्याआधी मुलीने आणि तिच्या बाबांनी तीन प्रश्न विचारावेत. या कोर्सनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते का? या संस्थेचं नाव कौन्सिलच्या यादीत आहे का? याच्या आधारावर पुढचा कोणता कोर्स करता येतो? उत्तर तोंडी घेऊ नये, कागदावर मागावं.

आपल्या बॅचला माझी एक विनंती आहे. दरवर्षी बारावीच्या निकालानंतर आपल्यापैकी दोघा-तिघांनी एक दुपार शाळेत येऊन बसावं आणि मुलींनी आणलेली माहितीपत्रकं त्यांच्यासोबत वाचावीत. आपल्यात परिचारिका झालेल्या मैत्रिणी आहेत. या कामात त्यांनी पुढे असावं, आम्ही इंजिनिअर मंडळी यादी तपासून देऊ. आणि स्नेहसंमेलनाच्या वर्गणीतून जे उरेल, त्यातून एका मुलीची एएनएमची पहिल्या वर्षाची फी भरावी. यंदाचा माझा वाटा मी आजच जमा करते.