मान वर करून बघायची मुंबई



गावाहून पाहुणे आले की आमच्या घरात ठरलेली यादी निघते. गेटवे, राणीची बाग, हाजीअली, चौपाटीवरची भेळ. यादीला माझी हरकत नाही. पण एक संध्याकाळ माझ्या वाट्याला आली, तर मी पाहुण्यांना चर्चगेटला उतरवतो आणि ओव्हल मैदानाच्या मधोमध नेऊन उभं करतो. तिकीट नाही, रांग नाही.

पूर्वेकडे बघा. जुनं सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट. सगळं काम दगडी, कमानी टोकदार, घाट गॉथिक. १८६० च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडली आणि त्यानंतर ही रांग उभी राहिली. तेव्हा यांच्या पुढ्यात समुद्र होता. आता मागे वळा. समोर गोलसर सज्जे आणि खिडक्यांवर लांबलचक छज्जे असलेल्या इमारती दिसतील. या आर्ट डेको, १९३० च्या दशकातल्या, भराव घातलेल्या जमिनीवरच्या. थोडक्यात, नव्यांनी जुन्यांचा समुद्र अडवला! आपल्याकडे शेजाऱ्यांची एवढ्यावरून तीन पिढ्या कोर्टबाजी चालते. इथे २०१८ मध्ये युनेस्कोनं दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा ठरवलं.

राजाबाई टॉवर २८० फूट उंच, १८७८ मध्ये पुरा झाला. आराखडा लंडनच्या गिल्बर्ट स्कॉटचा, पैसा प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याचा. तिकडे अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि इकडे मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपलं तसा १८६५ मध्ये तो ओसरलाही, भलेभले बुडाले. टॉवरला नाव मात्र प्रेमचंदांच्या आईचं राहिलं. आईला दिसत नसे, घंटेवरून तिला वेळ कळावी म्हणून हा घाट, असं सांगतात. खरंखोटं घड्याळालाच ठाऊक.

व्हीटी स्टेशनाला मात्र वेगळा वेळ काढा. नाव बदलून बरीच वर्षं झाली, पण माझ्या तोंडी अजून व्हीटीच येतं. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. फाटकाच्या दोन खांबांवर सिंह आणि वाघ बसलेत. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. भिंतींवरच्या नक्षीकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. मी कित्येक वर्षं तिथे पासाच्या रांगेत उभा राहिलो, सुट्ट्या पैशांवरून खिडकीशी वाद घातले. एके दिवशी रांग हलेचना, म्हणून वैतागून वर बघितलं, तर डोक्यावर रंगवलेलं छत, त्यात तारे! इतके दिवस मी पुढच्या माणसाची मानच बघत होतो.

याच स्टीव्हन्सच्या मुलानं, चार्ल्सनं, कुलाब्याचं रीगल सिनेमागृह बांधलं, १९३३ मध्ये. बाप गॉथिकवाला, मुलगा डेकोवाला. ओव्हलवरची ती समोरासमोरची वस्ती एका घरातही नांदली म्हणायची.

जाणार असाल तर उन्हं कलताना जा. मावळतीचं ऊन थेट टॉवरवर पडतं आणि दगड उजळतो. डेकोच्या रांगेला सकाळचं ऊन बरं. फक्त मैदानात मान वर करून उभे असाल तेव्हा जरा जपून. तिथे एका वेळी दहा-बारा सामने चालू असतात आणि कुणाचा चेंडू कुठून येईल, सांगता येत नाही.