झाडांचे हजेरीपत्रक
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात झालेले भाषण)



पावसाळा सुरू झाला की शाळाशाळांतून वृक्षारोपणाचा समारंभ होतो. खड्डे खणले जातात, पाहुणे येतात, भाषणे होतात आणि लावलेल्या रोपांची संख्या वहीत नोंदली जाते. हा उपक्रम स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु पुढील जून महिन्यात शाळा पुन्हा उघडते, त्या दिवशी त्यांतील किती रोपे जिवंत असतात, हे सहसा कोणी विचारीत नाही. पुष्कळ ठिकाणी गेल्या वर्षीचे खड्डे उकरून त्यांतच यंदाची रोपे लावली जातात. लावणे आणि वाढविणे यांतील अंतर कसे काटावे, याचा पाठ शेजारच्या कर्नाटकातील एका निरक्षर स्त्रीने आपल्या आयुष्याने घालून दिला आहे. तो पाठ येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

तिचे नाव तिम्मक्का. बंगळूरच्या पश्चिमेस मागडी तालुक्यात हुलिकल नावाचे खेडे आहे. तेथील चिक्कय्या नावाच्या कष्टकरी गृहस्थाशी तिचा विवाह झाला. तिने शाळेची पायरी कधी चढली नव्हती. खाणीत आणि शेतात मोलमजुरी करून ती पोट भरीत असे. लग्नाला कित्येक वर्षे लोटली तरी मूलबाळ झाले नाही. त्या काळच्या खेडेगावात अशा स्त्रीच्या वाट्याला काय बोल येत असतील, ते निराळे सांगावयास नको. या पतिपत्नींनी ते दुःख उगाळीत बसण्याऐवजी हुलिकल ते कुदूर या उघड्या रस्त्याच्या कडेने वडाची झाडे लावावयाचे ठरविले आणि ती मुलांसारखी वाढविली.

त्यांना हे काम कोणी सांगितले नव्हते आणि त्याबद्दल वेतनही मिळणार नव्हते. रस्ता त्यांच्या मालकीचा नव्हता. वडाची फळे बाजारात विकता येत नाहीत. सावली मिळणार ती येणाऱ्याजाणाऱ्या वाटसरूंना आणि गुराढोरांना. निरपेक्ष सेवा म्हणतात ती हीच.

आता त्यांची रीत पाहावी. कारण शिक्षकांनी घ्यावयाचे ते यातच आहे. गावाच्या आसपास वडाची झाडे होती. त्यांच्यापासूनच त्यांनी रोपे तयार केली. पहिल्या वर्षी त्यांनी दहा रोपे लावली. दुसऱ्या वर्षी पंधरा आणि तिसऱ्या वर्षी वीस. लागवड पावसाळ्यात करीत, म्हणजे मुळे धरेपर्यंत निसर्गाचे पाणी मिळे. पाऊस सरल्यावर मात्र दोघेही घागरी-बादल्या भरून सुमारे चार किलोमीटरपर्यंत पाणी वाहून नेत. जनावरांनी शेंडे खाऊ नयेत म्हणून प्रत्येक रोपाभोवती काटेरी झुडपांचे कुंपण घालीत.

दहा, पंधरा, वीस या आकड्यांकडे बारकाईने पाहिले पाहिजे. शंभर खड्डे एका आठवड्यात खणता आले असते. पण शंभर रोपांना उन्हाळाभर पाणी घालणे चार हातांना शक्य नव्हते. रोपांची संख्या उत्साहाने ठरत नाही, पाण्याने ठरते, हे व्यवहारी गणित त्या निरक्षर जोडप्याला अचूक उमगले होते. एखाद्या शाळेने साठ रोपे लावली आणि प्रत्येकास आठवड्यातून दोन वेळा एक बादली पाणी द्यावयाचे ठरविले, तर आठवड्याला १२० बादल्या लागतात. हा गुणाकार खड्डा खणण्यापूर्वी वर्गात मुलांकडून करून घेतला, तर कित्येक रोपांचा अकाली मृत्यू टळेल.

अशा रीतीने वर्षांमागून वर्षे गेली. सुमारे चार किलोमीटरच्या त्या वाटेवर वडांची दुतर्फा रांग उभी राहिली. त्यांची संख्या ३८५ सांगितली जाते. कन्नड भाषेत ‘सालु’ म्हणजे ओळ आणि ‘मर’ म्हणजे झाड. झाडांच्या ओळीची अक्का या अर्थाने लोक तिला ‘सालुमरद तिम्मक्का’ म्हणू लागले. वड हा एकटा वाढत नाही. त्याच्या फळांवर मैना, कोकीळ, तांबट, हरियाल असे कितीतरी पक्षी व वटवाघळेही जगतात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया दूरवर पसरतात. मुळे माती धरून ठेवतात. एका रस्त्याच्या कडेने साऱ्या परिसराचे रूप पालटू शकते ते असे.

१९९१ साली चिक्कय्यांचे निधन झाले. तिम्मक्कांनी झाडांची सोबत सोडली नाही. १९९५ साली राष्ट्रीय नागरिक पुरस्काराने त्यांचा गौरव झाला आणि २०१९ साली पद्मश्री मिळाली. राष्ट्रपतिभवनात पदक घेताना शंभरी ओलांडलेल्या त्या वृद्धेने राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या कपाळाला हात लावून त्यांना आशीर्वाद दिला, तेव्हा सारी सभा हेलावली. परंतु त्याच वर्षी दुसरीही एक घटना घडली. रस्ता रुंद करण्याच्या योजनेमुळे त्या वडांवर कुऱ्हाड येण्याचा संभव निर्माण झाला. तिम्मक्कांनी राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडे धाव घेतली आणि झाडे वाचविण्यासाठी पर्याय शोधण्याचे आश्वासन मिळविले. झाड मोठे झाले म्हणजे राखणदाराचे काम संपले असे नव्हे, हे यावरून ध्यानात येईल. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे बालदिनीच, बंगळूर येथे त्यांचा देहान्त झाला. त्यांचे वय ११४ वर्षांचे सांगितले गेले.

या चरित्रातून शाळांनी तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, रोपे थोडी लावावीत, परंतु ती गावच्या मातीत सहज रुजणारी असावीत. दुसरी, कुंपण लागवडीच्या दिवशीच घालावे. बोरीबाभळीच्या फांद्यांना पैसे पडत नाहीत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मे महिन्याची तजवीज. रोपे मरतात ती बहुधा सुट्टीत. कारण शाळा बंद असते, मुले मामाच्या गावी जातात आणि ऊन मात्र रजेवर जात नाही. यास्तव शाळेजवळ राहणाऱ्या दोन-दोन मुलांकडे एकेक रोप सोपवावे, एक मूल परगावी गेले तर दुसऱ्याने पाणी घालावे आणि पालकांना हे आधीच सांगून ठेवावे. रोपाशेजारी बुडाला बारीक छिद्र असलेले मडके पुरून भरून ठेवले, तर ओल अधिक दिवस टिकते.

आणि मुलांच्या हजेरीपत्रकाशेजारी झाडांचेही एक हजेरीपत्रक असावे. त्यात लागवडीची संख्या पहिल्या रकान्यात लिहावी. पण शाळेचे यश मोजावे ते पुढील जूनमध्ये ‘हजर’ असलेल्या झाडांवरून. साठांपैकी पाच जगली तर तसेच प्रांजळपणे लिहावे आणि यंदा दहाच लावावीत. तिम्मक्कांनीही प्रारंभ दहांपासूनच केला होता.