ताल जुळला, पुढे काय?



‘डीजे’ म्हटले, की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर माणूस येतच नाही. येते ती ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. ‘मिरवणुकीत डीजे लावला होता’, ‘लग्नात डीजे आणला होता’, असे आपण सहज बोलून जातो. तबलजी ‘लावला’ असे कोणी म्हणत नाही. डीजेचे मात्र आपण यंत्र करून टाकले आहे. मूळ शब्द ‘डिस्क जॉकी’, आणि गंमत म्हणजे तो जन्मला रेडिओच्याच घरात. १९३० ते १९५० या काळात अमेरिकेत तबकड्या लावून गाणी ऐकवणाऱ्या रेडिओ निवेदकांसाठी तो रूढ झाला. म्हणजे ‘आपली आवड’मध्ये कोणत्या गाण्यामागून कोणते गाणे शोभेल याचा विचार करणारा आकाशवाणीचा निवेदक हा या कुळातला वडीलधारा म्हणायचा! आज मला बोलायचे आहे ते या माणसाविषयी, आणि तसा माणूस होण्यासाठी लॅपटॉप उघडून बसलेल्या मुलामुलींविषयी.

मी या मुलांना शिकवतो. त्यांचे आईवडील पहिल्या भेटीत एक प्रश्न हमखास विचारतात: ‘गाणी दुसऱ्यांची, वाजवतो संगणक, मग सर, यात शिकायचं काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याआधी यंत्राने माणसाकडून कोणकोणती कामे काढून घेतली, ते पाहू.

१९६९च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका क्लबात फ्रान्सिस ग्रासो नावाचा डीजे दोन तबकड्यांचे ताल एकमेकांवर बसवून गाण्यातून गाण्यात जाऊ लागला. नाचणाऱ्यांचे पाऊल थांबेनासे झाले. त्याच शहराच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या तरुणाने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत संगीत वाजवले. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा आला की लोक बेभान नाचतात, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तुकडा लांबवण्याची युक्ती त्याने काढली. हिप-हॉपची सुरुवात याच पार्टीपासून मानतात. १९७२ मध्ये जपानच्या टेक्निक्सचे एसएल-१२०० हे टर्नटेबल आले होते. १९७९च्या सुधारित नमुन्यात वेग कमीजास्त करण्याची सरकपट्टी बसवलेली होती. पुढची कित्येक वर्षे डीजे म्हणजे दोन टर्नटेबले, मधे मिक्सर आणि एका कानाला हेडफोन, हे समीकरण पक्के झाले.

२००१ मध्ये पायोनिअरचे सीडीजे-१००० आले आणि सीडीदेखील तबकडीसारखी हाताने फिरवता येऊ लागली. त्याच सुमारास तबकडीवर गाण्याऐवजी संकेतध्वनी कोरून त्याच्या आधारे संगणकातले गाणे हाकण्याची पद्धत निघाली. २००४ मधल्या ‘सेराटो स्क्रॅच लाइव्ह’ने ती सर्वदूर नेली. आता तर दोन चकत्या आणि मधे मिक्सर असलेला कंट्रोलर लॅपटॉपला जोडला की दुकान मांडून झाले. पूर्वी दोन माणसांना उचलाव्या लागणाऱ्या तबकड्यांच्या पेट्या पेनड्राइव्हमध्ये मावल्या.

पूर्वी शिकणाऱ्याचे महिनेच्या महिने जात ते ताल जुळवण्यात. मिनिटाला १२० ठोक्यांचे एक गाणे आणि १२१ ठोक्यांचे दुसरे एकत्र सोडा. सुरुवातीला दोन्ही हातात हात घालून चालतील. पण अर्ध्या मिनिटात ती अर्ध्या ठोक्याने मागेपुढे होतात आणि खडखडाट सुरू होतो. एका कानाने चालू गाणे, दुसऱ्या कानाने येणारे गाणे ऐकत, सरकपट्टी केसभर हलवत हा फरक मिटवायचा असे. आज ‘सिंक’ नावाचे बटण हे काम क्षणात करते. मग शिकायचे उरले काय?

पहिली गोष्ट म्हणजे हे बटण कुठे फसते ते ओळखणे. सॉफ्टवेअर गाण्यावर ठोक्यांची समान अंतराची एक जाळी आखते. संगणकावर रचलेल्या गाण्यांना ती चपखल बसते. पण १९६० किंवा १९७०च्या दशकातले गाणे घ्या. वादकांनी एकत्र बसून वाजवलेले. अंतऱ्याला लय किंचित चढते, मुखड्यावर येताना सैलावते. ते गाणे श्वास घेत असते. तिथे जाळी दुसऱ्या कडव्यापर्यंत घसरते आणि बटणावर विसंबलेला डीजे तोंडघशी पडतो. शिवाय बहुतेक सॉफ्टवेअर चार-चार ठोक्यांचा हिशेब धरून चालते. केरवा त्यात बसतो. दादऱ्याच्या सहा मात्रांचे गाणे आले, की त्याचे मोजमाप चुकते, आणि आपल्या कितीतरी लोकगीतांचा झोल सहाचाच आहे. म्हणून मुलांना मी पहिले काही आठवडे सिंक बंद ठेवायला लावतो. गाडी चालवणाऱ्याला पंक्चर काढता यावे, तसे हे आहे.

दुसरी गोष्ट सम. नाचाच्या गाण्यात साधारणपणे चार ठोक्यांचा एक गट आणि अशा आठ गटांचे, म्हणजे ३२ ठोक्यांचे एक आवर्तन असते. १२० ठोक्यांच्या लयीत ते १६ सेकंदांत पुरे होते. नवे वाद्य येते, गायिकेचा आवाज येतो, ढोल थांबतो, ते बहुधा अशा आवर्तनाच्या तोंडाशी. पुढचे गाणे या समेवर सोडले तर ते आधीच्या गाण्यातूनच उगवल्यासारखे वाटते. आवर्तनाच्या मध्येच सोडले तर ताल तंतोतंत जुळूनही ऐकणारा दचकतो. का, ते त्याला सांगता येत नाही. ढोल-ताशा पथकात वाजवलेली किंवा भजनात टाळ धरलेली मुले हे दोन दिवसांत उचलतात. त्यांच्या अंगात ते आधीच असते.

तिसरी गोष्ट सूर. तबकडीचा वेग सहा टक्क्यांनी वाढवला, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी एकचे गाणे काळी एकमध्ये जाते. आताच्या यंत्रात सूर न हलवता वेग बदलता येतो, पण फार ताणले तर आवाज पत्र्यासारखा होतो. सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याची पट्टीही ओळखून दाखवते. ज्यांच्या पट्ट्यांत षड्ज-पंचमाचे नाते आहे अशी गाणी एकमेकांत सुखाने मिसळतात, हे आपल्याकडे पेटी शिकणाऱ्यालाही ठाऊक असते. मात्र या यंत्रांना सहसा मेजर आणि मायनर हे दोनच पाश्चात्त्य साचे माहीत असतात. रागावर बेतलेल्या चालीत त्यांचा अंदाज चुकू शकतो. तिथे कान हाच निवाडा.

चौथी गोष्ट जागा करून देणे. दोन गाण्यांचे खर्ज, म्हणजे ढोल आणि बेस, एकाच वेळी वाजले की चिखल होतो. म्हणून येणाऱ्या गाण्याचा खर्ज आधी मिटलेला ठेवायचा आणि समेवर एकाचा उतरवून दुसऱ्याचा चढवायचा. मिक्सरवरचा तांबडा दिवा लागला, की डिजिटल यंत्रात आवाजाच्या लहरीचे शेंडे छाटले जातात. पुढे कितीही महागडा स्पीकर असला तरी ते परत जोडता येत नाहीत. दिवा हिरव्यात ठेवणारा डीजे कमी जोरात वाजवूनही अधिक भरीव ऐकू येतो.

या चारही गोष्टी सरावाने येतात. पाचवी सरावाने येत नाही, माणसे पाहून येते. ती म्हणजे निवड.

इथे आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण फार बोलके आहे. १९८०च्या दशकात तिथल्या किनाऱ्यांवरच्या पार्ट्यांत डीजे कॅसेट वापरत. उन्हात आणि दमट हवेत तबकड्या टिकणे कठीण होते. पुढे डिजिटल टेप आल्या. या यंत्रांवर वेग बारीक जुळवण्याची सोय सहसा नसे. एका गाण्याची शांत अखेर आणि दुसऱ्याची शांत सुरुवात एकमेकांवर घालून काम भागवले जाई. तरीही माणसे रात्रभर नाचत राहिली, आणि त्यातूनच ‘गोवा ट्रान्स’ हा प्रकार १९९०च्या दशकात जगभर पोहोचला. २०२३ मध्ये निधन पावलेला गोवा गिल तर जमाना बदलल्यावरही टेपवरच वाजवत राहिला. ताल जुळवण्याची सोय नसताना त्यांनी जमाव बांधून ठेवला तो कशाच्या जोरावर? कोणत्या घटकेला काय वाजवायचे, या जाणिवेच्या जोरावर.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाला हे एका लग्नात उमगले. त्याने घरून यादी बांधून नेली होती. सगळे जोड पक्के, एकही ठोका चुकलेला नाही. पण पाऊण तासात नाचायची जागा रिकामी झाली. वऱ्हाडातल्या बायका भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून होत्या. तेवढ्यात वधूच्या आत्याने येऊन सांगितले, ‘बाळा, आमचंही एखादं लाव की!’ त्याने यादी बाजूला ठेवली आणि एक जुनी लावणी लावली. जोड ओबडधोबड झाला, पण आत्याबाई उठल्या, त्यांच्यामागून जावा-नणंदा उठल्या, आणि त्यांना पाहून मुले परत आली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, ‘सर, मी स्क्रीनकडं बघत होतो, माणसांकडं नाही.’ या धंद्याचे अर्धे शिक्षण त्या एका वाक्यात आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर गाण्याच्या रंगीत लहरी सरकत असतात, त्यांचा मोह फार असतो. म्हणून सरावातही पडद्यावर टॉवेल टाकून अर्धा तास वाजवून पाहावे.

आता ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. आरंभी महागडी सामग्री घेऊ नका. ‘मिक्स’ नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या इंग्रजी नावात शेवटी तीन ‘एक्स’ येतात. ते आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन एवढ्यावर पहिला महिना निघतो. हजार गाणी गोळा करण्याऐवजी वीसच घ्या, पण ती तोंडपाठ करा: सम कुठे, गायन कुठे सुरू होते, ताल कुठे सुटतो. घड्याळ लावून १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि चारने गुणा. यंत्राने दाखवलेला आकडा नंतर पाहा. रोजचा सराव ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना न दिसलेल्या चुका तिथे उघड्या पडतात. आणि कार्यक्रमाला जाताना गाण्यांची दुसरी प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लॅपटॉप बंद पडायचा असला, की वरातीच्या ऐन भरातच पडतो!

शेवटी सर्वांत महत्त्वाचे, ते कानांविषयी. या व्यवसायाचे भांडवल कंट्रोलर नव्हे, कान आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित धरतात. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९२ डेसिबलला अडीच तास आणि १०१ डेसिबलला जेमतेम १९ मिनिटे, तीही आठवडाभरात मिळून. करमणुकीच्या ठिकाणी सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, कानांत घालायला बोळे मिळावेत आणि विसाव्यासाठी शांत जागा असावी, असे याच संघटनेने २०२२ मध्ये सुचवले आहे. अंतर्कर्णातल्या ध्वनी टिपणाऱ्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. श्रोता घरी जातो. डीजे मात्र रोज तिथेच उभा असतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर कानांत शिट्टी वाजत असेल, तर ती धोक्याची घंटा समजावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

आणि ऐकणारे केवळ समोर नाचणारेच नसतात. समोरच्या इमारतीत तान्हे मूल असते, हृदयविकाराचा रुग्ण असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. ठरावीक सणांना मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते तेवढीच. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. पोलिस येऊन बंद करायला लावतात तेव्हा मुलांना तो अपमान वाटतो. मी त्यांना सांगतो, यजमान ‘अजून वाढव’ म्हणत असताना नम्रपणे नाही म्हणणे, हाही शिक्षणाचाच भाग आहे. स्पीकरच्या भिंतीला नाही म्हणता येत नाही; माणसाला येते.

तेव्हा, आईवडीलहो, तुमच्या मुलीला किंवा मुलाला हे शिकायचे असेल, तर सामग्रीची पावती मागण्याआधी एक करा. त्याने स्वतः जोडलेल्या गाण्यांचे अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण मागा आणि त्याच्याशेजारी बसून बेताच्या आवाजात ऐका. दोन गाण्यांच्या मधला सांधा कुठे होता ते विचारा, आणि हे गाणे इथेच का घेतले, तेही विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सॉफ्टवेअर देऊ शकते. दुसऱ्याचे त्याला स्वतःला देता आले, तर तो शिकू लागला आहे असे समजा आणि कंट्रोलर घेऊन द्यायला हरकत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)