भूगोलाचा धडा गावच्या विहिरीपाशी
(वळसंग, ता. दक्षिण सोलापूर येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



अकरावी-बारावीला भूगोल पुष्कळदा निवडला जातो तो 'सोपा विषय' म्हणून. परीक्षा संपली की तो विसरलाही जातो. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, तेथे ही उपेक्षा परवडणारी नाही.

सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील वळसंग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. नैर्ऋत्य मोसमी वारे घाटमाथ्यावर आपला भार रिता करतात. महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेकडे उतरताना तेच वारे कोरडे होत जातात. 'पर्जन्यछाया' ही पुस्तकातील व्याख्या येथील शेतकऱ्याच्या घरात कर्ज होऊन उतरते.

पायाखाली बेसॉल्टचा काळा पाषाण आहे. अखंड बेसॉल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते साठते झिजलेल्या थरांत आणि भेगांत. म्हणूनच एका शेतातील विहिरीला पाणी लागते आणि बांधापलीकडची कोरडी राहते. हे न जाणता एकामागून एक विंधनविहिरी घेणारा कष्टाचा पैसा दगडात घालतो. वरची काळी माती मात्र ओल धरून ठेवते; त्या ओलीवरच रब्बीचा शाळू उभा राहतो.

हा झाला प्राकृतिक भूगोल. मानवी भूगोलही याच गावी शिकावा. दलित बांधवांनी खोदलेल्या विहिरीच्या उद्घाटनासाठी १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले होते. पाणी कोठे आहे हे खडक ठरवतो. ते कोणाला मिळावे हे समाज ठरवतो. एका विहिरीसाठी वेगळी विहीर का खोदावी लागली, हा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला पडत नाही, त्याचा भूगोल अपुराच राहिला.

राहिले प्रात्यक्षिक. बारावीच्या शंभर गुणांपैकी वीस गुण त्याला आहेत. ते वहीतल्या आयत्या आकृत्यांवर संपवू नयेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. त्यावरील समोच्च रेषा वाचाव्यात, उतार ओळखावा, ओढे गिरवावेत. मग गावातील विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यानंतर एकदा आणि ऐन मे महिन्यात एकदा मोजून स्वतःचा नकाशा तयार करावा. पाणी कोठे अडवावे आणि बोअर कोठे घेऊ नये, याचा विचार ग्रामसभेत अशा नकाशावरून करता येतो.

ज्या भूमीला माता म्हणून वंदन करायचे, तिचा उतार, तिचा खडक आणि तिच्या पोटातले पाणी ओळखणे हेही त्या वंदनाचेच अंग आहे.