ऑपरेशन झालं, तपासणी संपली नाही



काही महिन्यांपूर्वी एक २२ वर्षांचा तरुण आईबरोबर माझ्याकडे आला. चार वर्षांचा असताना त्याची ‘फॉन्टन’ शस्त्रक्रिया झाली होती. गेली आठ वर्षं तो तपासणीला फिरकलाच नव्हता. मी पोटाची सोनोग्राफी लिहून दिली, तशी आई म्हणाली, “डॉक्टर, दुखणं हृदयाचं, मग पोट कशाला तपासायचं?”

प्रश्न रास्त होता. काही बाळांच्या हृदयाचा एकच कप्पा रक्त पंप करण्याजोगा असतो. फ्रान्समधील बोर्दोचे सर्जन फ्रान्सिस फॉन्टन यांनी १९६८ मध्ये यावर वाट काढली. आज या पद्धतीत शरीरातून परतणारं अशुद्ध रक्त हृदयात न नेता थेट फुफ्फुसांकडे वळवतात. ओठांचा निळेपणा जातो, मूल खेळू लागतं. पण हे रक्त मागून ढकलायला पंप नसल्यामुळे नीलांमधला दाब कायम चढा राहतो. नाला तुंबला की पाणी मागे शेतात साचतं, तसं रक्त यकृतात साचतं. वर्षानुवर्षांनी यकृत घट्ट होत जातं. काहींना सिरॉसिस होतो, क्वचित कर्करोगही. आणि तोही दारूचा थेंब न घेता!

पंचाईत अशी, की यात बहुधा दुखत नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्याही पुष्कळदा जवळजवळ नॉर्मल येतात.

त्या मुलाच्या यकृतात एक गाठ दिसली. एमआरआयचा रिपोर्ट येईपर्यंत माय-लेकांना झोप नव्हती. खरं सांगतो, मलाही नव्हती. १८ वर्षांपूर्वी घरी सोडताना “ताई, आता निश्चिंत राहा,” असं मीच म्हणालो होतो. गाठ साधी निघाली. यकृत मात्र घट्ट होऊ लागलं होतं.

म्हणून पालकांना विनंती. ऑपरेशनचे कागद जपून ठेवा. दरवर्षी हृदयाबरोबर यकृतही तपासून घ्या. हिपॅटायटिसच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. दारू पूर्ण वर्ज्य, आणि कुणी सांगितलेले काढे-गोळ्या परस्पर घेऊ नका. मूल मोठं झालं की आपलं कोणतं ऑपरेशन झालंय, हे त्याला नावानिशी सांगा.

तो तरुण आता दर सहा महिन्यांनी येतो. फाइल आईच्या पिशवीत नसते, त्याच्या हातात असते.