न पाहिलेल्या मालाची नोंद चोख ठेवा



आपल्या बीड जिल्ह्यात सोयाबीनची रास झाली, की आडतीवर व्यापारी मूठभर दाणे हातात घेऊन भाव सांगतो. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम बाजारात मात्र परगावचा व्यापारीही संगणकावर बोली लावू शकतो. त्याला तुमचा ढीग दिसत नाही, दिसते ती नोंद : वजन, ओलावा, काडीकचरा, डागी दाणे. नोंद चुकली, की भाव चुकलाच म्हणून समजा.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

१) सोयाबीन वाळवून ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणा. चाळणी मारा.

२) भिजलेला माल कोरड्यात मिसळू नका, त्याचा लॉट वेगळा लावा. नमुना ओल्या पोत्यातला निघाला, तर चांगल्या मालालाही ओल्याचाच भाव मिळेल.

३) गेटवर मिळालेला लॉट क्रमांक जपून ठेवा. तपासणीचे आकडे बोलीआधीच वाचून घ्या. वाचता येत नसेल, तर पोराकडून वाचून घ्या. काही चुकीचे वाटले, तर तिथेच विचारा.

आणि बोली पटली नाही, तर ती नाकारण्याचा हक्क तुम्हाला आहे. घाईने मान डोलावू नका.