कै. अनुताई वाघ : कुरणात गेलेली शाळा



हजेरीपत्रकातील गैरहजेरीची खूण शिक्षक रोज करतो आणि रोज विसरतो. कै. अनुताई वाघ यांना ती विसरता आली नाही.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. कोवळ्या वयात वैधव्य आले. पुढे शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या. आरंभी चांदवडच्या ग्रामीण भागात आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अध्यापन केले. दिवसा शिकवावे व रात्रशाळेत शिकावे, असे करीत त्या १९३७ साली मॅट्रिक झाल्या. बी. ए. झाल्या १९६१ साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी. नोकरी लागली म्हणजे शिकणे संपले, असे मानणाऱ्यांनी ही दोन साले ध्यानात ठेवावीत.

१९४५ साली पुण्यातील स्थिर नोकरी सोडून त्या ताराबाई मोडक यांच्याबरोबर बोर्डीस आल्या. त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूच्या जंगलपट्टीत वारली समाज वेठबिगारीविरुद्ध उठला होता. पिढ्यान्‌पिढ्या नाडल्या गेलेल्या या माणसांनी बाहेरून आलेल्या पांढरपेशांवर एकाएकी विश्वास टाकावा, ही अपेक्षाच चुकीची ठरली असती.

बोर्डीस बालवाडी सुरू झाली. परंतु गरीब वस्तीतील मुले तेथवर येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. हीच अंगणवाडी. प्रथम मुलांना नाहू घालावयाचे, केस विंचरावयाचे, मग गाणी-गोष्टी. साधने म्हणजे शंखशिंपले, बिया, खडे, माती. विकत घ्यावे असे त्यात काही नव्हते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

१९५७ च्या सुमारास कार्य कोसबाडच्या टेकडीवर आले. येथे अडचण निराळी होती. मुलगा वर्गात नाही, कारण तो गुरे राखतो. मुलगी नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे. आईबाप मजुरीस गेलेले. अशा घरी दंडाची भीती घालून काय साधणार? पोट आधी, पाटी मागून. मग शिक्षक फळा घेऊन गुरांमागे कुरणात गेले, आणि कुरणशाळा भरू लागली. मुलींसाठी योजलेला उपाय तर अधिकच साधा होता. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणण्यात आली. या योजनेस विकासवाडी म्हणत. मुलीने कडेवरचे मूल पाळण्यात ठेवावे, त्याच्या वरच्यास बालवाडीत बसवावे आणि आपण वर्गात जावे. भावंड रडले तर ते हाकेच्या अंतरावरच असे.

असे उपाय कागदावर सुचत नाहीत. त्यासाठी गैरहजर मुलाच्या झोपडीपर्यंत चालत जावे लागते, आणि पावसाळ्यात त्या टेकडीवरच्या वाटा काही सुखाच्या नसतात.

शासकीय सेवेत शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. अनुताईंनी ते वय १९६८ सालीच गाठले होते. १९७३ साली ताराबाई निवर्तल्या, तरी त्या टेकडीवरून खाली आल्या नाहीत. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या कोसबाडच्या वास्तव्यास पस्तीस वर्षे होत आली होती.